परदेशी आवृत्तीचा गेम घेताना: रीजन लॉक, खातं आणि डीएलसी यांचा योग्य क्रम

एखादा गेम दुसऱ्या देशात आलाय, तुमच्याकडे यायला अजून सहा महिने आहेत आणि थांबायची तयारी नाही. मग शोध सुरू होतो: 'हा कन्सोल रीजन फ्री आहे का?' (म्हणजे कुठल्याही देशातली डिस्क चालवतो का?) उत्तर 'हो' असं मिळतं, ऑर्डर जाते, डिस्क येते, चालतेसुद्धा. पुढे कधीतरी त्याच गेमचं डीएलसी (गेमला नंतर जोडायचा, डाउनलोड करून घ्यायचा वेगळा भाग) विकत घेतलं जातं आणि ते गेमला दिसतच नाही.

तो प्रश्नच अपुरा आहे. आजच्या कन्सोलवर डिस्कला कुलूप जवळजवळ उरलेलं नाही. ते खात्यावर, स्टोअरवर आणि डबीतल्या कोडच्या चिठ्ठीवर जाऊन बसलंय. त्यामुळे आधी विचारायचं ते असं: या गेमसाठी पुढे जे जे डाउनलोड करावं लागेल, ते कोणत्या देशाच्या खात्यातून घेणार? हे ठरेपर्यंत पैसे भरू नका.

कन्सोलमध्ये चिप बसवणं किंवा सिस्टिम सॉफ्टवेअर बदलणं हे मार्ग इथे घेतलेले नाहीत. ऑनलाइन खेळणाऱ्याला त्यात बंदीची टांगती तलवार असते, आणि सध्याच्या कन्सोलला त्यांची गरजही पडत नाही.

## तयारी: शोधाशोध करण्याआधी काय लिहून ठेवायचं

फोनमध्ये एक नोंद उघडा. कन्सोलचं नेमकं मॉडेल लिहा, नुसतं 'स्विच' किंवा 'प्लेस्टेशन' नको. तुमच्या मुख्य खात्याचा देश लिहा. खातं काढताना काय निवडलं होतं हे बऱ्याच जणांना आठवत नाही, तेव्हा सेटिंग्जमध्ये जाऊन बघा. गेम कोणत्या भाषेत खेळणार ते लिहा. शेवटी, डीएलसी घेणार का, ऑनलाइन खेळणार का, या दोन प्रश्नांची उत्तरं. दोन्ही उत्तरं 'नाही' असतील तर तुमचं काम निम्म्याहून कमी झालं. डिस्क घाला आणि खेळा.

## टप्पा १: थांबणं परवडतंय का, ते आधी बघा

उशिराची कारणं बहुतेक ठरलेली असतात: भाषांतर, डबिंग, वयाचं रेटिंग, किंवा त्या भागातले हक्क वेगळ्या प्रकाशकाकडे असणं. पहिल्या दोन कारणांमुळे गेम रखडला असेल तर परदेशी आवृत्ती घेऊन तुमची अडचण सुटत नाही, कारण जे भाषांतर अजून व्हायचंय ते त्या डिस्कवर नसणारच. पर्सोना ५ जपानमध्ये सप्टेंबर २०१६ मध्ये आला आणि पाश्चात्त्य देशांत एप्रिल २०१७ मध्ये. मधल्या काळात ज्यांनी जपानी डिस्क मागवली, त्यांच्या हाती पूर्ण जपानीतला, संवादांनी गच्च भरलेला गेम पडला.

दुसरा हिशोब सेव्हचा, म्हणजे खेळात गाठलेल्या टप्प्याच्या नोंदीचा. सेव्ह फाइल त्या त्या आवृत्तीच्या ओळख क्रमांकाला बांधलेली असते. क्रमांक बदलला की जपानी आवृत्तीतले ऐंशी तास नव्या आवृत्तीत येत नाहीत. लांबलचक आरपीजीसाठी (आपलं पात्र घडवत जाण्याच्या कथाप्रधान गेमसाठी) हा तोटा मोठा आहे, फायटिंग गेमसाठी फारसा नाही. माझं मत विचाराल तर इंग्रजी आवृत्तीची तारीख अधिकृतपणे जाहीर झालेली असेल आणि गेम कथाप्रधान असेल, तर थांबा. तारीखच नसेल तर पुढे वाचा.

तपासा: तारीख प्रकाशकाच्या अधिकृत पानावर आहे की दुकानाच्या पानावर? दुकानं बऱ्याचदा ३१ डिसेंबर अशी जागा भरण्यापुरती तारीख टाकून ठेवतात.

## टप्पा २: कन्सोलला कुलूप आहे का

हे चटकन उरकता येतं.

पीएस४ (प्लेस्टेशन ४), पीएस५, एक्सबॉक्स वन, एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस, स्विच, स्विच २: यांच्यावर दुसऱ्या देशातली डिस्क किंवा कार्ट्रिज चालते. चीनच्या मुख्य भूमीसाठी काढलेले कन्सोल आणि गेम मात्र या नियमाच्या बाहेरचे समजा आणि स्वतंत्र चौकशी केल्याशिवाय घेऊ नका.

पीएस३ चे गेमही खुले आहेत, पण पर्सोना ४ अरीनाचा अपवाद लक्षात ठेवा. तो जपान आणि अमेरिकेत २०१२ च्या उन्हाळ्यात आला, युरोपात मे २०१३ मध्ये, आणि त्याला चक्क कुलूप होतं. म्हणजे कन्सोल खुला असला तरी एखादा प्रकाशक एकट्या गेमला कुलूप लावू शकतो. एक्सबॉक्स ३६० वर तर ती प्रथाच होती: कुलूप लावायचं की नाही, हे प्रत्येक गेमचा प्रकाशक ठरवायचा.

वी, वी यू, थ्रीडीएस, गेमक्यूब, पीएस१, पीएस२, पहिला एक्सबॉक्स, सॅटर्न, ड्रीमकास्ट: हे सगळे कुलूपबंद. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आणि पीएसपीचे गेम खुले. साध्या डीएसचे गेमही खुले, पण डीएसआयसाठी खास काढलेले नाहीत.

सावधान: कन्सोलच परदेशातून घेत असाल तर बॉक्सवर 'फक्त जपानी भाषा' असं आहे का ते बघा. जपानमध्ये स्विच २ चं असं स्वस्त मॉडेल जून २०२५ पासून विकलं जातं. त्याची सिस्टिम फक्त जपानीत चालते आणि त्याला फक्त जपान हा देश असलेलं निन्टेन्डो खातंच जोडता येतं. किंमत बघून मोह होतो, आणि घरी आणल्यावर स्वतःचंच खातं त्यात जात नाही.

ब्ल्यू-रे आणि डीव्हीडी चित्रपटांचे रीजन पूर्णपणे वेगळे. गेम चालला म्हणून चित्रपटाची डिस्क चालेल असं नाही.

## टप्पा ३: नेमकी कोणती आवृत्ती, ते ओळखा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून जरा सावकाश.

विक्रेत्याच्या पानावर 'इंटरनॅशनल', 'आशिया', 'रीजन फ्री' असे शब्द असतात. त्यांना अर्थ आहे पण भरवसा नाही. भरवसा ठेवायचा तो कव्हरवरच्या छापील खुणांवर. त्यासाठी कव्हरच्या पुढच्या बाजूचा, मागच्या बाजूचा आणि कण्याचा (डब्याच्या अरुंद कडेचा) फोटो मागा.

पहिली खूण वयाच्या रेटिंगची. ईएसआरबीचा चौकोन म्हणजे अमेरिका-कॅनडाकडची आवृत्ती. पेगीचा आकडा म्हणजे युरोपची, पण जर्मनीसाठी यूएसकेचा रंगीत चौकोन असतो. जपानचं सेरो अक्षरं वापरतं: ए, बी, सी, डी आणि झेड. झेड म्हणजे अठरा वर्षांवरील. ही खूण बघण्याचं आणखी एक कारण आहे. रेटिंगसाठी गेममध्ये कापाकापी होते. हिंसक गेमच्या जपानी आवृत्तीत रक्त आणि तुटलेले अवयव कमी केलेले असतात, आणि काही वेळा सेरो डी आणि सेरो झेड अशा दोन वेगळ्या आवृत्त्या निघतात. द कॅलिस्टो प्रोटोकॉल २०२२ मध्ये सेरोचं रेटिंग न मिळाल्याने जपानमध्ये आलाच नाही. तेव्हा भयपट प्रकारातला गेम जपानमधून मागवताना दोनदा विचार करा.

दुसरी आणि जास्त पक्की खूण म्हणजे ओळख क्रमांक. प्लेस्टेशनवर तो सरळ वाचता येतो. पीएस४ च्या गेमचा क्रमांक सीयूएसए या चार अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे पाच आकडे असतात; पीएस५ साठी ती अक्षरं पीपीएसए. बहुतेक आवृत्त्यांत हा क्रमांक कव्हरच्या कण्यावर किंवा डिस्कवर छापलेला असतो. जपानी डब्यांवर मात्र पीएलजेएम किंवा ईएलजेएम असा दुसराच क्रमांक दिसतो, त्याने गोंधळू नका. गेम इन्स्टॉल झाल्यावर त्याच्या चौकटीवर जाऊन ऑप्शन्स बटण दाबा आणि माहितीचं पान उघडा, खरा क्रमांक तिथे असतो.

आता प्लेस्टेशन स्टोअरच्या वेबसाइटवर त्याच गेमच्या डीएलसीचं पान उघडा आणि ब्राउझरमधला पत्ता नीट वाचा. 'प्रॉडक्ट' या शब्दानंतर एक लांब क्रमांक असतो. त्याची पहिली दोन अक्षरं कोणत्या बाजूचं स्टोअर ते सांगतात: यूपी म्हणजे अमेरिकेकडचं, ईपी म्हणजे युरोपकडचं, जेपी म्हणजे जपानी, एचपी म्हणजे हाँगकाँग आणि बाकी आशियाचं. त्यापुढे एक छोटी आडवी रेघ, आणि रेघेनंतर सीयूएसए किंवा पीपीएसए क्रमांक. हा क्रमांक तुमच्या डिस्कशी जुळला तर डीएलसी चालणार. एक आकडा जरी वेगळा असला तरी ते डीएलसी दुसऱ्या आवृत्तीचं आहे, मग गेमचं नाव, चित्र, वर्णन सगळं तंतोतंत तेच का असेना. पत्त्यात 'कॉन्सेप्ट' हा शब्द आणि नुसते आकडे दिसले, तर त्या पानावरून एखाद्या ठरावीक आवृत्तीच्या किंवा डीएलसीच्या पानावर जा, म्हणजे पूर्ण क्रमांक दिसेल.

स्विचच्या डब्यावरही उत्पादन क्रमांकाजवळ रीजनची अक्षरं असतात. निन्टेन्डोचे स्वतःचे बरेच गेम जगभर एकाच ओळखीने चालतात, त्यामुळे तिथे त्रास कमी. इतर प्रकाशकांच्या गेममध्ये जपानचा प्रकाशक एक आणि युरोपचा दुसरा असं असलं की ओळख हमखास वेगळी.

तपासा: कव्हरच्या पुढच्या बाजूवर 'फक्त डाउनलोड कोड' किंवा 'गेम-की कार्ड' असं काही छापलंय का? या दोन गोष्टी एक नाहीत. स्विच २ च्या गेम-की कार्डमध्ये गेम नसतो, फक्त किल्ली असते. गेम पहिल्यांदा इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि खेळताना कार्ड घालावं लागतं. 'डब्यात फक्त कोड' असेल तर ती खरेदी डिजिटलच समजा. तो कोड त्याच देशाच्या खात्यात चालतो आणि कन्सोल कितीही खुला असला तरी उपयोग होत नाही.

## टप्पा ४: भाषा

कुलूप नसणं आणि खेळता येणं यांत अंतर आहे. मदर ३ हा २००६ चा गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरचा गेम कुठल्याही देशाच्या कन्सोलवर चालतो, पण तो जपानबाहेर अधिकृतपणे कधी आलाच नाही आणि त्यातला सगळा मजकूर जपानीत आहे.

भाषांची यादी त्या देशाच्या अधिकृत स्टोअरच्या पानावर बघा, तुमच्या देशाच्या पानावर नको. आवाजाची भाषा आणि मजकुराची भाषा वेगळी लिहिलेली असते. तुम्हाला मजकुराची हवी. जपानच्या आधी हाँगकाँग, तैवान, सिंगापूरकडची आशियाई आवृत्ती शोधून बघा. तिच्यात इंग्रजी असण्याची शक्यता जास्त असते. मात्र तिचं डीएलसी जपानी स्टोअरमधून घेतलं तर चालणार नाही, हे विसरू नका.

बरेच गेम स्वतःच्या मेनूत भाषेचा पर्याय देतच नाहीत, सिस्टिमची भाषा उचलतात. 'गेम जपानीतच सुरू झाला' अशा तक्रारी येतात तेव्हा निम्म्या वेळा कन्सोलची भाषा बदलली की काम होतं.

बटणांचं एक सांगून ठेवतो. पीएस४ पर्यंतच्या जपानी गेममध्ये होकारासाठी गोलाचं बटण आणि नकारासाठी फुलीचं असायचं, बाकी जगात उलटं. पीएस५ पासून फुली म्हणजे होकार हे सगळीकडे सारखं झालं, पण जुन्या जपानी डिस्कमध्ये अजूनही बोट चुकतं. 'सेव्ह पुसायचं का?' या प्रश्नापाशी सांभाळा.

## टप्पा ५: खातं ठरवा

तिन्ही कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि एका कंपनीचा अनुभव दुसरीला लावण्यातून चुका होतात.

प्लेस्टेशन. खात्याचा देश एकदा निवडला की बदलत नाही. त्यामुळे दुसऱ्या देशाच्या स्टोअरसाठी दुसरं खातं लागतं, वेगळ्या ईमेलवर. हे खातं फक्त खरेदीसाठी, खेळायचं मुख्य खात्यावरूनच. हे जमतं कसं? कन्सोलमध्ये दुसऱ्या खात्याने लॉगिन करा, डीएलसी घ्या आणि त्या खात्यासाठी 'कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले' चालू ठेवा. पीएस४ वर हेच 'प्रायमरी पीएस४ म्हणून सक्रिय करा' या नावाने आहे. त्या खात्याने घेतलेलं सगळं मग त्या कन्सोलवरच्या बाकी खात्यांना वापरता येतं, आणि सेव्ह व ट्रॉफी (खेळात मिळणारी बक्षिसं) तुमच्या मुख्य खात्यातच जमा होतात. एकाच कन्सोलवर अनेक खात्यांचं शेअरिंग चालू ठेवता येतं. उलट एका खात्याचं शेअरिंग एका वेळी एकाच पीएस५ वर.

खातं काढताना खरा राहता देश द्यावा, असं सेवेच्या अटी सांगतात. दुसऱ्या देशाच्या खात्यात काही अडलं तर कंपनीकडे दाद मागताना तुमची बाजू लंगडी असते. म्हणून त्या खात्यात मोठी रक्कम कधीही पडू देऊ नका.

निन्टेन्डो. इथे खात्याचा देश सेटिंग्जमधून बदलता येतो, पण ई-शॉपमध्ये (निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानात) शिल्लक रक्कम असेल तर बदलू देत नाही. शिल्लक आधी संपवा. सतत बदलत बसण्यापेक्षा मला दुसरं खातं काढून त्याला कन्सोलवर वेगळा वापरकर्ता करणं सोपं वाटतं. त्याने घेतलेला गेम त्या कन्सोलवर उपलब्ध केलेला असला की बाकीचे वापरकर्तेही तो खेळू शकतात. स्विच ऑनलाइनमधली जुन्या गेमची लायब्ररीही देशागणिक वेगळी आहे. वर सांगितलेला मदर ३ फेब्रुवारी २०२४ मध्ये जपानच्या लायब्ररीत आला, बाकीच्यांच्या नाही.

एक्सबॉक्स. मायक्रोसॉफ्ट खात्याचा प्रदेश बदलता येतो, पण तीन महिन्यांतून एकदाच. खात्यातली शिल्लक नव्या प्रदेशात येत नाही आणि चालू सदस्यत्वही अडकू शकतं. एका गेमसाठी उडी मारली आणि तीन महिने तिकडेच राहावं लागलं, असं होऊ देऊ नका.

सावधान: व्हीपीएन (इंटरनेटचा पत्ता दुसऱ्या देशातला भासवणारी सोय) लावून स्टोअर बदलेल, ही समजूत फार पसरलेली आहे. प्लेस्टेशन आणि निन्टेन्डोचं स्टोअर खात्याचा देश बघतं, इंटरनेटचा पत्ता नाही. हाती काही लागत नाही, उलट व्यवहार संशयास्पद म्हणून अडवला जाण्याची शक्यता मात्र वाढते.

## टप्पा ६: पैसे कसे भरणार

खातं निघालं म्हणजे खरेदी जमेलच असं नाही. बऱ्याच देशांची स्टोअर त्याच देशात काढलेलं कार्ड मागतात. जपानच्या निन्टेन्डो ई-शॉपने २५ मार्च २०२५ पासून परदेशी क्रेडिट कार्ड आणि परदेशी पेपाल खाती घेणं बंद केलं. त्याआधीचे सल्ले अजूनही शोधात वर येतात, त्यांची तारीख बघून घ्या.

उरतो तो प्रीपेड गिफ्ट कार्डाचा मार्ग. गिफ्ट कार्डाचं चलन आणि खात्याचा देश एकच हवा. युरो वापरणाऱ्या देशांतही प्लेस्टेशनचं एका देशाचं कार्ड दुसऱ्या देशाच्या खात्यात चालेल असं गृहीत धरू नका. कार्ड ओळखीच्या, अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या: चोरीच्या कार्डांवर घेतलेले कोड स्वस्तात विकले जातात, पुढे ते रद्द होतात आणि फटका तुमच्या खात्याला बसतो.

तपासा: डीएलसीची किंमत करासकट किती, ते त्या स्टोअरमध्ये कार्टपर्यंत जाऊन बघा आणि तेवढ्याच रकमेचं कार्ड घ्या. उरलेली चिल्लर त्या खात्यात कायमची पडून राहते.

## टप्पा ७: ऑर्डर

विक्रेत्याला विचारायचं ते मोजकं आहे: पाठवणार आहात त्याच प्रतीच्या कण्याचा फोटो द्या, रेटिंगची खूण कोणती ते सांगा, कोडची चिठ्ठी वापरलेली आहे का ते सांगा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे जा. सील फोडलेला गेम बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत, त्यामुळे जे विचारायचं ते आधीच.

प्रीऑर्डर बोनसच्या मोहात पडू नका. तो कोड त्या आवृत्तीच्या देशाच्या खात्यातच चालतो आणि त्याला मुदत असते. तसं खातं काढणार नसाल, तर बोनसवाली महाग प्रत घेऊन काय मिळणार?

पीएस४ ची डिस्क घेऊन पीएस५ वर अपग्रेड करायचा विचार असेल तर तिथेही डीएलसीसारखंच आहे: अपग्रेडचा पर्याय सहसा डिस्कच्या रीजनशी जुळणाऱ्या खात्यालाच दिसतो.

## टप्पा ८: डिस्क हातात आल्यावर

इथे क्रम मोडू नका.

१. सील न फोडता रेटिंगची खूण आणि क्रमांक फोटोशी ताडून बघा. जुळत नसेल तर तिथेच थांबा आणि विक्रेत्याला कळवा.

२. कन्सोलची भाषा हवी ती करून ठेवा.

३. डिस्क घालून मुख्य खात्याने इन्स्टॉल करा. पॅच (गेममधल्या दुरुस्त्यांचं अपडेट) आला तर येऊ द्या. पॅच डिस्कच्या ओळखीप्रमाणे येतो, त्यासाठी परदेशी खातं लागत नाही.

४. माहितीच्या पानावरचा क्रमांक तुमच्या नोंदीत उतरवा आणि डीएलसीच्या पत्त्यातल्या क्रमांकाशी पुन्हा जुळवा.

५. गेम सुरू करून पहिल्या सेव्हपर्यंत खेळा. मजकूर, सबटायटल, बटणं बघून घ्या.

६. आता जुळणाऱ्या देशाच्या खात्यात जा. सीझन पासवर (अनेक डीएलसी एकत्र देणाऱ्या खरेदीवर) लगेच झडप घालू नका. बऱ्याच गेमना एखादं फुकटचं छोटं डीएलसी असतं: पोशाख, तलवार, काहीतरी. आधी ते उतरवा, मुख्य खात्याने गेम उघडा आणि ते आत दिसतंय का ते बघा. दिसलं तर खातं, क्रमांक आणि शेअरिंग तिन्ही बरोबर आहेत.

७. मग डब्यातला कोड टाका आणि शेवटी पैशांचं डीएलसी घ्या.

सातवी पायरी आधी उरकण्याची घाई सगळ्यांना होते, कारण कोडची चिठ्ठी डबा उघडताच हातात येते. चुकीच्या खात्यात कोड टाकला तर तो बहुधा नाकारला जाईल, ते ठीक. पण दुसऱ्या आवृत्तीचं डीएलसी पैसे देऊन घेतलं आणि डाउनलोड सुरू झालं, तर परतावा मिळवणं फार अवघड.

## डिस्क नको, थेट डिजिटल घ्यायचं असेल तर

सगळं सोपं होतं, कारण गेम आणि डीएलसी दोन्ही एकाच खात्यातून येतात आणि आपोआप जुळतात. माझ्या मते डीएलसीने भरलेल्या गेमसाठी हाच मार्ग बरा. तोटा एवढाच की प्रत विकता येत नाही आणि पैसे भरण्याचा टप्पा टाळता येत नाही.

काही तासांचा उशीर चुकवण्यासाठी एक्सबॉक्सचं लोकेशन न्यूझीलंड करण्याची (तिथे मध्यरात्र आधी होते) युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते. गेम प्रत्येक देशाच्या मध्यरात्री खुला होणार असेल तरच ती चालते. जगभर एकाच क्षणी खुला होणाऱ्या गेमला तिचा उपयोग नाही. खरेदी आणि प्रीलोड (गेम खुला होण्याआधीच डाउनलोड) नेहमीच्या देशात आधी करून ठेवा, फक्त कन्सोलचं लोकेशन बदला, खात्याच्या प्रदेशाला हात लावू नका, आणि खेळ सुरू झाला की लोकेशन परत आणा.

## कुलूपबंद जुन्या कन्सोलसाठी

थ्रीडीएस किंवा वी यूचा परदेशी गेम हवा असेल तर त्या देशाचा कन्सोलच घ्यावा लागतो. डीएलसीचा विचार सोडून द्या: दोन्हींच्या ई-शॉपमधली खरेदी २७ मार्च २०२३ ला बंद झाली आणि त्यांचं ऑनलाइन खेळणं एप्रिल २०२४ मध्ये. एक्सबॉक्स ३६० चं स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद झालं. पीएस३ आणि व्हिटा (हातात धरून खेळायचं प्लेस्टेशन) यांचं स्टोअर चालू आहे, पण ऑक्टोबर २०२१ पासून त्यावर कार्डाने किंवा पेपालने पैसे भरता येत नाहीत. वॉलेटमध्ये आधी रक्कम भरून ठेवावी लागते. व्हिटाचे गेम खुले असले तरी एका वेळी एकच खातं चालतं आणि मेमरी कार्डही खात्याला बांधलेलं असतं. तिथे डीएलसीसाठी दुसरं खातं म्हणजे प्रत्येक वेळी रीसेट.

सावधान: परदेशी कन्सोलचा अ‍ॅडॉप्टर भिंतीत खोचण्याआधी त्यावरचा व्होल्टेजचा मजकूर वाचा. '१००–२४०' असेल तर फक्त पिनेचा जोड लागतो. जपानी वी, गेमक्यूब किंवा जाडजूड पीएस२ वर नुसतं '१००' असेल आणि तुमच्याकडे २३० व्होल्ट असतील, तर योग्य ट्रान्सफॉर्मर नसताना बटण दाबू नका.

टीव्हीचंही बघा. जुने जपानी-अमेरिकी कन्सोल ६० हर्ट्झवर, युरोपीय ५० हर्ट्झवर चित्र देतात. एखादा टीव्ही यातलं एक घेत नाही आणि काळा-पांढरा किंवा गडगडणारं चित्र दाखवतो. कन्सोल बिघडलाय असं समजून उघडू नका.

## अडलं तर

डीएलसी विकत घेतलं, लायब्ररीत दिसतं, गेममध्ये दिसत नाही. आधी दोन्ही क्रमांक जुळवा. क्रमांक जुळत असतील तर शेअरिंग चालू आहे का बघा. तेही चालू असेल तर डीएलसी घेतलेल्या खात्याने एकदा गेम उघडा. तिथे दिसलं आणि मुख्य खात्यात नाही, म्हणजे अडचण शेअरिंगचीच. बंद करून पुन्हा चालू करा. कन्सोलवरचा 'लायसन्स पूर्ववत करा' हा पर्यायही वापरून बघा.

डीएलसीवर कुलपाचं चिन्ह आलं. कोणीतरी तेच खातं दुसऱ्या कन्सोलवर मुख्य म्हणून चालू केलंय. एका खात्याची ती जागा एकच असते.

कोड 'अवैध' दाखवतो. शून्य आणि ओ यांचा गोंधळ तपासा, मग खात्याचा देश, मग मुदत. कोड पुन्हा पुन्हा टाकत बसू नका, काही वेळासाठी अडवलं जातं.

जुनी सेव्ह नव्या आवृत्तीत दिसत नाही. क्रमांक वेगळे असतील तर ती दिसणारही नाही, क्लाउडवरून उतरवली तरी. दोन आवृत्त्यांत सेव्ह हलवण्याची सोय प्रकाशकाने मुद्दाम दिली असेल तर गेमच्या पॅचच्या माहितीत तसं लिहिलेलं असतं. ते सापडेपर्यंत जुनी डिस्क विकू नका आणि जुनी सेव्ह पुसू नका.